थोरल्या जावयाचं रुसणं

मराठवाड्यात जाऊन आलेल्या माणसाला पुण्यात दोनच प्रश्न विचारतात: ऊन किती होतं आणि पाणी कसलं प्यायलात? आल्यापासून मी दोन्हींची उत्तरं देऊन थकले आहे. ऊन पुष्कळ होतं. पाणी रांजणातलं, वाळा घातलेलं होतं आणि आमच्या नळाच्या पाण्यापेक्षा गोड होतं. आता जे कुणीच विचारत नाही, ते लिहून टाकते.

मी 'शांतता आणि संघर्ष-निवारण' या विषयात एम.ए. करते. विषय नवा, विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्या मोजक्या विद्यार्थ्यांची आपसांत रोज भांडणं. आमच्या सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी काम दिलं होतं. एखादा खराखुरा तंटा जवळून पाहायचा, तो मिटतो कसा ते बघायचं आणि त्यावर निबंध लिहायचा. आमच्या गल्लीत तंट्यांना तोटा नव्हता, पण ते कधी मिटत नसत, त्यामुळे निबंधाच्या कामाचे नव्हते.

माझी वसतिगृहातली सोबतीण निर्मला मराठी वाङ्मय शिकते. ती म्हणाली, "आमच्याकडं चल. मधल्या बहिणीचं, विमलचं लग्न आहे. लग्नात पाहिजे तेवढे तंटे मिळतील, वर जेवण." एवढ्यावर मी बॅग भरली.

हिंगोली

मनमाडपासून गाड्या बदलत, कोळशाची धूळ खात आम्ही हिंगोलीला उतरलो. हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मोंढ्याकडून, म्हणजे धान्याच्या बाजाराकडून, हळदीचा वास येत होता. असा वास की टांगेवाल्याच्या पटक्याला, स्टँडवरच्या चहाला, आणि पुढं दोन दिवस माझ्या रुमालालाही तोच. चहा घेतला तर तो पाकात चहापत्ती घालून केल्यासारखा गोड. दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी खाऊन काढलेल्या या मुलखानं साखरेचा सगळा अनुशेष चहात भरून काढला असावा.

आखाडा बाळापूरची एसटी लागली तेव्हा मी पुण्याच्या सवयीनं दाराशी रांगेत उभी राहिले. रांगेत मी एकटीच होते. बाकीची मंडळी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एक लेकरू आत टाकून जागा धरत होती. निर्मलाचा रुमाल खिडकीजवळच्या बाकावर पडला आणि ती राणीसारखी बसली. मी कळमनुरीपर्यंत दांड्याला लोंबकळत गेले. वाटेत कयाधूचं पात्र दिसलं, त्यात पाणी कमी आणि म्हशी जास्त होत्या.

काय शिकता, असं कंडक्टरनं विचारलं. मी सविस्तर सांगितलं. त्यानं तिकीट फाडता फाडता ते सगळं ऐकून घेतलं.

"भांडनं मिटवायला एम.ए. लागते व्हय?" तो म्हणाला. "आमी तर रोज तिकिटाच्या पैशातच मिटवून राहिलो."

सगळी बस हसली. मीही हसले, पण मनातून थोडी रागावले होते.

आखाडा बाळापूर

निर्मलाचं घर रस्त्याला लागूनच आहे. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणतो, आणि घरातही गुरुजीच. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी घरातून मुहूर्त, हुंडा, मानपान, नवससायास सगळं एकदम बाहेर काढलं होतं, तेही असं ठणकावून की पुन्हा आत यायची कुणाची हिंमत नव्हती. विमलचं लग्न त्रिशरण-पंचशील म्हणून, पांढऱ्या कपड्यांत, अर्ध्या तासात उरकायचं होतं. आमच्या पुण्यात जे सुधारक लग्न व्याख्यानात असतं, ते इथं मांडवात पाहायला मिळणार म्हणून मला आनंद झाला.

लग्नाला थोरली मुलगी पंचफुलाक्का आली होती. बरोबर तिचा नवरा जळबाजी आणि मुलगी सुजाता. त्यांचं घर कनेरगाव नाक्यापासून आत दोन कोसांवरच्या वाडीत आहे. जळबाजी म्हणजे सहा फुटांचा, शांत, लाजाळू शेतकरी. बोलताना खाली बघणार, हसताना तोंडावर हात ठेवणार. सुजाता त्याच्या उलट. तिला अक्षर दिसलं की ते मोठ्यानं वाचल्याशिवाय राहवत नसे. मी पोचल्या पोचल्या तिनं माझ्या बॅगेवरचं दुकानाचं नाव वाचलं, चहाच्या डब्यावरचं वाचलं, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचलं, आणि वाचण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचली.

रात्री भाकरी, ठेचा आणि वांग्याची रस्सा भाजी. ठेच्याबद्दल मी एवढंच सांगेन की मी रडले आणि सगळ्यांना वाटलं, मला घरची आठवण आली. जेवणानंतर अंगणात बाजा टाकल्या, तेव्हा निर्मलानं मला सुजाताचं सांगितलं. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. सुजाता चौथी पास झाली, म्हणजे तिची शाळा संपली. पाचवीला नाक्यापर्यंत ओढा ओलांडून जायचं आणि पोरीला एकटं कोण पाठवणार? अक्कानं दिवाळीत गुरुजींना विचारलं होतं, सुजीला तुमच्याकडं ठेवून घ्या, इथं हायस्कूल आहे. गुरुजी नाही म्हणाले होते.

"काहून?" मी दिवसभरात तिथलाच शब्द उचलला होता.

गुरुजींचं म्हणणं असं की नात आजोळी वाढली तर लोक म्हणतील, मास्तरच्या जावयाला एक लेकरू जड झालं. जळबाजीची मान गावात खाली जाईल. जावयाची इज्जत राखायची म्हणून त्यांनी नातीला नाही म्हटलं होतं. अक्का पुन्हा विचारू शकत नव्हती, कारण माहेरी एकच गोष्ट दोनदा मागायची नसते. जूनमध्ये शाळा उघडतील आणि सुजी बकऱ्यांमागं जाईल, असं निर्मला म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. पण तंटा म्हणून मी त्याची नोंद केली नाही. कुणी भांडतच नव्हतं ना.

लग्नाची सकाळ

सकाळी वऱ्हाड आलं. जयभीम, चहा, सुशीला. सुशीला ही बाई नव्हे, मुरमुऱ्याचा नाश्ता आहे. परातीच्या पराती भरून तो फिरत होता. एवढ्यात मला दिसलं की जळबाजी मांडवात नाही. रस्त्यापलीकडं एसटी थांबते त्या निंबाखाली, पिशवी मांडीवर घेऊन, मांडवाकडं पाठ करून तो बसला होता.

मी एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "रुसलेत जी. येष्टीनं गावाला जाऊन राहिले." आणि शांतपणे सुशीला खात राहिली. कारण विचारलं तर कळलं की व्याह्यांच्या ड्रायव्हरला चहा आधी गेला आणि थोरल्या जावयाला मागून.

रुसवा मला माहीत नव्हता असं नाही. पण पुण्यात त्याला वावच नसतो, कार्यालय दोन वाजता रिकामं करून द्यायचं असतं. शिवाय इथं तर मानपान गुरुजींनी घराबाहेर काढलेला. मग हे खरंच असणार. भर लग्नात थोरला जावई निघून चालला आहे, आणि घरचे लोक मुरमुरे खात आहेत. वर्षभर जे शिकले ते वापरायची वेळ आली होती. मध्यस्थानं आधी ऐकावं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगावं, आणि मागणीच्या पोटातली गरज शोधावी. सरांचे हे शब्द मला तोंडपाठ होते. मी एक कप चहा घेतला आणि रस्ता ओलांडला.

जळबाजीनं मला पाहिलं आणि तो दचकला. मी शेजारी बसले. त्याचं म्हणणं ऐकलं, म्हणजे तो काहीच बोलला नाही तेही ऐकलं. मग म्हणाले, तुमची दखल घेतली नाही असं तुम्हाला वाटलं ना? तो म्हणाला, व्हय. म्हटलं, चहाचा प्रश्न नाही, प्रश्न मानाचा आहे ना? तो म्हणाला, व्हय. प्रत्येक व्हयनंतर तो माझ्या खांद्यावरून मांडवाच्या दाराकडं पाहायचा. त्याला ओशाळल्यासारखं होत असेल असं मला वाटलं, म्हणून मी आणखी प्रेमानं बोलले. शेवटी मी चहाचा कप पुढं केला आणि म्हटलं, पुण्याहून आलेल्या पाहुणीची एवढी विनंती ऐकणार नाही का?

आता बाईमाणसाला, त्यातून पाहुणीला, नाही कसं म्हणायचं? त्यानं पुन्हा एकदा दाराकडं पाहिलं, चहा घेतला आणि मुकाट्यानं माझ्या मागून आला. मी त्याला मांडवात आणलं, सतरंजीवर बसवलं आणि सुशीलाची ताटली हातात दिली. त्यानं एक घास खाल्ला.

टाळ्या वाजतील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण निदान कुणी हसून बघेल असं वाटलं होतं. मांडवात फिरणाऱ्या पराती जिथल्या तिथं थांबल्या. घराच्या दारात गुरुजी उभे होते. त्यांच्या हातात ताट, ताटात नवा टॉवेल आणि टोपी. ते माझ्याकडं असे पाहत राहिले, जणू वर्गात एखाद्या पोरानं चुकीच्या गणिताला बरोबर उत्तर काढून दाखवलं होतं. मग ते ताट घेऊन परत आत गेले.

निर्मला मला दंडाला धरून चुलीपाशी घेऊन गेली. तिथं पंचफुलाक्का भाकरी थापत होती. ती माझ्याकडं न बघता बोलली.

"ताई, तुमी चांगल्या मनानं केलं. पर लई वाईट केलं."

मग हळूहळू मला उलगडलं. थोरला जावई लग्नात रुसतोच. त्याची समजूत काढायला सासऱ्यानं स्वतः टॉवेल-टोपी घेऊन जायचं असतं, आणि 'मागा, काय पाहिजे' असं म्हणायचं असतं. त्या वेळी जावई जे मागतो ते मागणं नसतं, मान असतो, आणि सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. गुरुजींनी सगळ्या रूढी सोडल्या, पण ही सोडायची त्यांच्या लक्षात राहिली नसावी. अक्कानं दिवाळीपासून हाच दिवस धरून ठेवला होता. स्वभावानं मुळीच रुसका नसलेल्या नवऱ्याला तिनं पंधरवडाभर पढवून तयार केलं होतं. त्यानं सुजीला मागायचं होतं. सासऱ्यानं दिली असती, तर ती जावयाची इज्जत झाली असती, जड झालेलं लेकरू नव्हे.

आणि जावयानं घास खाल्ला की रुसवा संपतो.

मागणीच्या पोटातली गरज शोधायला गेलेली मी मागणीच पोटात घालून आले होते. पलीकडं सुजाता तांदळाच्या पोत्यावरची अक्षरं वाचत बसली होती. मला तिच्याकडं बघवेना.

"त्यांना पुन्हा रुसायला सांगा ना," मी म्हटलं.

"कशावर रुसतील? त्यांना राग येतच न्हाई," अक्का म्हणाली. "लग्न होऊन बारा वर्सं झाली, मी वाट पाहून राहिले."

हे म्हणताना तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही पुसून तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, फोटोच्या वेळेला सासऱ्याच्या उजव्या हाताची खुर्ची थोरल्या जावयाची असते. एवढंच बोलली आणि माझ्याकडं पाहिलं.

खुर्ची

लग्न सुरेख लागलं. पांढऱ्या साडीत विमल, मेणबत्त्यांचा उजेड, सगळा मांडव एका आवाजात पंचशील म्हणतोय, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. मला पुण्याच्या लग्नांतला तो बँड आठवला आणि लाज वाटली. पण खरं सांगते, माझं अर्धं लक्ष खुर्च्यांकडं होतं.

हिंगोलीहून आलेल्या फोटोग्राफरनं मांडवासमोर खुर्च्या मांडल्या. मधे नवरा-नवरी, एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला गुरुजी. गुरुजींच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. जळबाजी डोक्यावरची टोपी सारखी करत तिच्याकडं निघाला आणि मी जाऊन तिच्यावर बसले.

लोक माझ्याकडं पाहू लागले. मी पाय जमिनीत रोवले. आता हा रुसणार, असा मी हिशेब धरला होता. तर तो हात जोडून म्हणाला, "बसा, बसा ताई. तुमी पाहुण्या."

चुलीकडून अक्कानं कपाळाला हात लावलेला मला दिसला. शांततेच्या वर्गात सगळं शिकवतात, माणसाला दुखवायचं कसं ते शिकवत नाहीत. ते मला स्वतःच्या बुद्धीनं करावं लागलं. मी फोटोग्राफरला मोठ्यानं म्हटलं, ते फार उंच आहेत, त्यांना मागं पोरांच्या रांगेत उभं करा, नाहीतर फोटोत नसले तरी चालेल.

जळबाजीचा चेहरा उतरला. सकाळी निंबाखाली जो बसला होता तो पढवलेला जावई होता. हा खरा होता. त्यानं टोपी काढली, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून गेला. या वेळेला त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. मला माझीच किळस आली.

गुरुजी उठले, ताट आणायला आत गेले. तेवढ्यात कधी वेळेवर न येणारी हिंगोलीची एसटी त्या दिवशी वेळेवर आली. निंबाखाली पिशवी घेतलेला माणूस पाहून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. जळबाजीनं दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. गुरुजी धोतराचा सोगा एका हातात आणि ताट दुसऱ्या हातात घेऊन धावले. सुधारक माणसाला असं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मागून सगळा मांडव.

"जावईबापू, चुकलं आमचं," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "उतरा. काय पाहिजे ते मागा."

जळबाजी पायरीवरच उभा होता. आत गेलेला राग आणि पंधरवडाभर घोकलेलं वाक्य, दोन्ही एकदम बाहेर येत नव्हतं. कंडक्टर आमच्या येतानाचाच होता. यायचं का राहायचं, असं त्यानं विचारलं, मग त्याला मी दिसले आणि तो गप्प बसला.

"मला टावेल नको," जळबाजी शेवटी म्हणाला. "टोपी नको. माझी सुजी तुमच्या घरी ठिवा. म्याट्रिक होईतवर."

बसमधले लोक खिडक्यांतून वाकून ऐकत होते. गुरुजी ताट धरून उभे राहिले.

"म्याट्रिकवर काहून थांबता?" ते म्हणाले. "पुढं बी शिकू द्या."

जळबाजी खाली उतरला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, ती ठेवायला त्यांना टाचा उंचावाव्या लागल्या. कंडक्टरनं घंटी मारली. दुपारी पंगतीत येसर आमटी, भात, बुंदी होती. अक्कानं माझ्या पानात बुंदी वाढली ती वाढतच राहिली. जळबाजी समोर बसला होता. मी हात जोडून माफी मागितली तर त्यानं तोंडावर हात ठेवला, आणि त्या हातामागं तो हसत होता.

परतीची एसटी

दोन दिवसांनी मी निघाले. निर्मला सुट्टीभर थांबणार होती, म्हणून हिंगोलीपर्यंत गुरुजी सोबतीला आले. त्यांना सुजाताच्या शाळेच्या कपड्यांचं कापड घ्यायचं होतं, तेव्हा तीही आली. मी स्वतः खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.

गाडी कळमनुरीच्या पुढं गेल्यावर गुरुजी हळू आवाजात बोलले.

"त्या सकाळी तुमी त्यांना हाताला धरून आणलं, तवा ताट माझ्या हातात होतं. वाटलं, ह्या पोरीला आजच पुण्याला धाडावं."

"म्हणजे ते काय मागणार, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून वाट पाहून राहिलो होतो," गुरुजी म्हणाले. "मला काय नात नको व्हती? पर मी होऊन बोललो तर जावयाची मान खाली. त्यानं मागितल्याबिगर कशी देणार?"

एका घरातल्या तिघांना एकच गोष्ट हवी होती आणि तिघंही तिच्यासाठी एका रुसव्याची वाट पाहत थांबले होते. याला तंटा म्हणावं की शांतता, हे सरांना विचारायचं मी ठरवलं.

सुजाता खिडकीपाशी बसून मैलाचे दगड, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती मोठमोठ्यानं वाचत चालली होती. एका थांब्यावर लेकरू घेतलेली बाई चढली. तिला ऊन लागलं होतं, ओकारी येत होती. गुरुजींनी सुजीला खिडकी सोडायला सांगितलं. ती उठली, पण तोंड फुगवून, आमच्याकडं पाठ करून, पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसली. निंबाखालच्या तिच्या बापासारखीच बसली होती.

माझी जीभ वळवळली. मी पुढं झुकून, सुजे, तुला असं वाटलं का, म्हणून सुरुवातही केली असेन. गुरुजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, तुमी आता मधी पडू नका," ते म्हणाले. "माझी नात हाय. मला समजूत काढू द्या."

मग टोपी सारखी करून, बाकावरून सरकत सरकत ते तिच्याकडं गेले, आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं, "मागा बाई, काय पाहिजे?"

मी खिडकीकडं तोंड फिरवलं आणि सगळा रस्ता एक अक्षर बोलले नाही.